फोंड्यातले लग्न आणि परगावचे पाहुणे : मोकळ्या वेळेत काय पाहावे, कुठे जेवावे

तुळशीविवाह आटोपला की गोव्यात लग्नसराई सुरू होते आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत चालते. या काळात फोंडा तालुक्यातील देवस्थानांची सभागृहे, अग्रशाळा आणि हमरस्त्यालगतचे हॉल यांना उसंत नसते. तिथी मिळते, हॉल मिळत नाही, ही वधुपित्यांची तक्रार दर वर्षीची आहे. हॉल मिळाला, आचारी ठरला, भटजींनी मुहूर्त काढला, की एक प्रश्न उरतो आणि तो बहुधा शेवटच्या दिवसापर्यंत तसाच राहतो. बेळगाव, कोल्हापूर, पुणे-मुंबई, वडोदरा, हैदराबाद येथून येणाऱ्या पाहुण्यांनी लग्नविधींखेरीजच्या वेळेत करायचे काय?

हा वेळ फार नसतो. पाहुणे आदल्या दिवशी सकाळी किंवा दुपारी पोचतात आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गाडी धरतात. हाताशी उरतात ते दोन अर्धे दिवस. यजमान गडबडीत असतात, म्हणून घरातील एखादा तरुण पुतण्या मोबाइलवर काही किनाऱ्यांची नावे पाठवून मोकळा होतो. मग सत्तरीच्या आत्याबाई आणि दोन लहान मुले यांच्यासह भाड्याची गाडी फोंड्याहून कळंगुटला जाते, वाहतुकीच्या कोंडीत तासभर अडकते, भर उन्हात वाळूत अर्धा तास उभी राहते, आणि वाटेत कुठेतरी पनीर बटर मसाला खाऊन परतते. ज्या हॉलमध्ये अक्षता टाकायच्या त्याच्या शेजारचे देऊळ मात्र पाहायचे राहून जाते. अनेक पाहुण्यांच्या बाबतीत तर ते देऊळ त्यांच्या स्वतःच्या कुलदैवताचे असते.

म्हणून या लेखात फोंडा हे केंद्र धरले आहे. मंडपापासून साधारण तासाभराच्या अंतरात पाहण्याजोगे काय आहे आणि जेवावे कुठे, एवढाच त्याचा विषय. यजमानांनी तो पाहुण्यांना पाठवावा किंवा त्यावरून स्वतःची यादी करावी.

पोचणे आणि वेळेचे गणित

रेल्वेने येणाऱ्यांना फोंड्यासाठी मडगाव स्थानक सोयीचे. तेथून फोंडा वीस किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. पणजीत उतरणार असतील तर जुन्या गोव्याजवळचे करमळी स्थानक बरे, पण सर्व गाड्या तेथे थांबत नाहीत, हे तिकीट काढतानाच पाहावे. थिवी स्थानक म्हापशाकडच्या लग्नांसाठी. विमानाने येणाऱ्यांची गफलत हल्ली वारंवार होते, कारण जानेवारी २०२३ पासून गोव्यात दोन विमानतळ चालू आहेत. दाबोळीहून फोंडा सुमारे तासाभराचा रस्ता आहे; पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर विमानतळाहून दीड तास धरावा. निमंत्रणासोबत पाठवायच्या संदेशात ‘गोवा विमानतळ’ असे लिहू नये, नाव लिहावे. न्यायला गेलेला भाऊ एका विमानतळावर आणि पाहुणे दुसऱ्यावर, असे प्रसंग ऐकिवात आहेत.

बेळगावची मंडळी बहुधा स्वतःच्या गाडीने चोर्ला घाटातून किंवा अनमोड घाटातून येतात. फोंड्यासाठी अनमोड-मोले हा मार्ग सरळ पडतो. पणजी गाठायची असेल तर चोर्ला. दोन्ही घाट रात्री नवख्या चालकाने टाळलेले बरे.

गोव्यात फिरण्यासाठी मोठ्या शहरांतील नेहमीच्या टॅक्सी-ॲपवर विसंबून राहू नये. ‘गोवा माइल्स’ हे ॲप चालते, पण खेड्यातील हॉलच्या दारात रात्री अकरा वाजता गाडी मिळेलच याची खात्री नाही. दहा-बारा पाहुणे असतील तर दोन दिवसांसाठी एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून चालकाला जेवणाचे ताट मंडपातच द्यावे. हिशेबाने तेच स्वस्त पडते. पणजी-फोंडा आणि फोंडा-मडगाव या मार्गांवर बसगाड्या दिवसभर धावतात, संध्याकाळनंतर मात्र त्या विरळ होतात.

देवळांचा फेरा

फोंडा तालुक्यात एवढी मोठी देवस्थाने एकमेकांना लागून का, हा प्रश्न परगावचा पाहुणा हमखास विचारतो. उत्तर माहीत असेल तर हा फेरा निव्वळ दर्शनापुरता राहत नाही. तिसवाडी, साष्टी आणि बार्देश हे तालुके सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. त्यांना जुन्या काबिजादी म्हणतात. तेथील देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी आपली दैवते नदीपलीकडे हलवली. त्या वेळी फोंडा महाल आदिलशाहीत होता आणि तो पोर्तुगिजांकडे गेला तो थेट अठराव्या शतकात. मधल्या दोनशे वर्षांत ही दैवते इथल्या डोंगरांच्या कुशीत, कुळागरांच्या सावलीत स्थिरावली. रस्त्यावरून सहज दिसू नयेत अशा जागी ती का आहेत, याचे उत्तरही त्यातच आहे. फोंड्यातली बहुतेक मोठी दैवते म्हणजे कधीकाळी घर सोडून आलेली दैवते आहेत. लग्नासाठी दूरवरून आलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या इंदूर-बडोद्यात राहिलेल्या कुळाव्याला ही गोष्ट सांगून पाहा. तो गाभाऱ्यासमोर अंमळ जास्तच थांबतो.

पणजीहून फोंड्याकडे येताना पहिले मोठे देवस्थान म्हणजे प्रियोळ येथील श्री मंगेश. मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी; १५६० मध्ये देव येथे आणला गेला. सात मजली दीपस्तंभ, तळी, तुळशीवृंदावन आणि नौबतखाना असा सगळा सरंजाम एका नजरेत पाहायचा तर मंगेशीइतके दुसरे ठिकाण नाही. दर सोमवारी संध्याकाळी पालखी निघते. दीनानाथ मंगेशकरांचा जन्म याच गावातला, आणि ‘मंगेशकर’ हे आडनाव याच देवावरून आलेले. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना आणखी काही सांगावे लागत नाही.

तेथून किलोमीटरभरावर म्हार्दोळ. श्री महालसा नारायणीचे हे स्थान मूळ वेर्ण्याचे. देवळासमोरची उंच पितळी समई ही इथली खूण. म्हार्दोळच्या जाईच्या फुलांना वेगळा वास असतो असे म्हार्दोळकर सांगतात आणि ते अतिशयोक्ती करत नाहीत. हंगाम असेल तर देवळाबाहेर फुलांचे गजरे विकायला असतात. मंडपातल्या बायकांसाठी ते तेथूनच घ्यावेत.

पुढे फर्मागुडी. येथे गोपाळ गणपतीचे देऊळ आहे आणि शेजारीच शिवाजी महाराजांचे स्मारक. महाराजांनी फोंड्याचा किल्ला १६७५ मध्ये जिंकला. किल्ल्याचे अवशेष आज फारसे उरलेले नाहीत, तेव्हा किल्ला पाहायच्या अपेक्षेने जाऊ नये. संध्याकाळी वारा छान असतो, मुले धावतात, तेवढ्यासाठी जावे.

फर्मागुडीहून बांदिवड्याकडे वळले की खरा फेरा सुरू होतो आणि तिथेच बहुतेक प्रवासी गाड्या वळत नाहीत. बांदिवड्याचे श्री नागेश हे देवस्थान स्थलांतरित नाही. ते पहिल्यापासून तेथेच आहे. १४१३ सालचा शिलालेख तेथे आहे आणि सभामंडपाच्या वरच्या पट्टीवर रामायणातील प्रसंग लाकडात कोरलेले आहेत. मान वर करून पाहावे लागते, म्हणून पुष्कळांच्या नजरेतून ते सुटतात. लहान मुलांना सोबत घेऊन एकेक प्रसंग ओळखायला सांगावे. अर्धा तास कसा जातो कळत नाही. समोरची तळी जुनी आणि सुंदर आहे. जवळच श्री महालक्ष्मीचे देऊळ आहे, आणि पुढे रामनाथी. रामनाथ मूळचा लोटलीचा.

शेवटी कवळे. श्री शांतादुर्गेचे मूळ स्थान साष्टीतील केळोशी. सध्याचे भव्य देऊळ १७३८ च्या सुमारास उभे राहिले. शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांनी त्यासाठी छत्रपतींकडून साहाय्य मिळवले, आणि सातारच्या दरबाराशी असलेले हे नाते देवस्थानच्या इतिहासात अभिमानाने सांगितले जाते. शिव आणि विष्णू यांच्यातील युद्ध शमवणारी ती शांतादुर्गा, अशी कथा. उतरते छप्पर, घुमट, कमानीच्या खिडक्या आणि आतली काचेची झुंबरे पाहून घाटावरचे पाहुणे चकित होतात, कारण त्यांच्या ओळखीची हेमाडपंती किंवा नागर घडण येथे कुठेच नसते. गोमंतकीय कारागिरांनी मराठी, मुसलमानी आणि पोर्तुगीज अशा तिन्ही वळणांतून जे उचलले त्यातून ही शैली तयार झाली.

कवळ्याहून ढवळीमार्गे फोंड्यात परतता येते. मंगेशी ते कवळे हा संपूर्ण फेरा सकाळी आठला निघाल्यास दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत सावकाश होतो. सगळीच देवस्थाने पाहण्याचा हट्ट धरू नये. आपले कुलदैवत, त्याशिवाय नागेशी आणि कवळे, एवढे पुरे.

काही व्यावहारिक गोष्टी. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे हवेत; लग्नाला आलेल्यांना ही अडचण नसते, पण तरुण मंडळी अर्ध्या चड्डीत बाहेर पडतात. गाभाऱ्याची छायाचित्रे काढू नयेत. कुलदैवताला अभिषेक किंवा ओटी करायची असेल तर आदल्या दिवशी देवस्थानच्या कार्यालयात किंवा पुरोहितांकडे सांगून ठेवावे, आणि आपले गोत्र व मूळ गाव वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावे. निम्मा वेळ तेवढ्यातच जातो. पाहुण्यांत परदेशी व्यक्ती असेल तर प्रवेशाचे नियम आधी विचारावेत, कारण ते सर्वत्र सारखे नाहीत. अग्रशाळांतून राहण्याची सोय असते, पण लग्नसराईत खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात.

फोंडा शहरालगतची साफा मशीद हीसुद्धा याच फेऱ्यात पाहता येते. आदिलशाही काळातील, १५६० ची ही वास्तू आणि तिच्या पुढ्यातील कोरीव कमानींची तळी. दहा मिनिटे पुरतात, आणि ज्या राजवटीच्या हद्दीत दैवतांना आसरा मिळाला तिची खूण म्हणून ती दहा मिनिटे द्यावीत. खांडेपारची जांभ्या दगडात खोदलेली गुंफांची चौकडी फोंड्याहून जवळ आहे. पुरातत्त्वाची आवड असणाऱ्यांनीच जावे.

दुसरा अर्धा दिवस पूर्ण मोकळा असेल आणि गाडी स्वतःची असेल, तर तांबडी सुर्ल. कदंबकाळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले हे महादेवाचे देऊळ काळ्या दगडात घडवले आहे, आणि हा दगड आसपासचा नाही. चहूबाजूंनी अभयारण्याचे रान आणि बाजूला झुळझुळणारी नदी. गोव्यातील इतकी जुनी दुसरी देवळे फार थोडी उरली, आणि ते उरले यात त्या दुर्गमतेचा मोठा वाटा असला पाहिजे. फोंड्याहून जाऊन-येऊन चार तास धरावेत. दूधसागर मात्र लग्नाच्या आदल्या दिवशी मुळीच करू नये. कुळ्याहून जीपगाड्यांची रांग, जंगलातला धक्क्यांचा रस्ता, भिजलेले कपडे. अख्खा दिवस जातो आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला निम्मे वऱ्हाड झोपलेले असते.

जुने गोवे आणि पणजी

जुने गोवे फोंडा-पणजी रस्त्यावरच आहे. बाँ जेझूची बासिलिका (बांधकामाचा आरंभ १५९४) आणि समोरचे से कॅथेड्रल एवढे पाहायला दीड तास लागतो. ही स्मारके १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. प्रार्थना चालू असताना फिरू नये, रविवारी सकाळ टाळावी. पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असते. लग्नाची तिथी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किंवा डिसेंबरच्या आरंभी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: २४ नोव्हेंबरपासून संत झेवियरचे नोवेना सुरू होतात आणि ३ डिसेंबरला फेस्त असते. त्या दिवसांत येथे यात्रेची गर्दी असते आणि पणजी-फोंडा रस्त्यावर वऱ्हाडाची गाडी अडकून मुहूर्त टळण्याची भीती खरी असते. नवरदेव पणजीकडून येणार असेल तर तासभर आधी निघावे.

गर्दी नसेल आणि मुले सोबत असतील तर व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जावे आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरावे. पाच-दहा मिनिटांचा प्रवास. पण मांडवीच्या पात्रातून मागे वळून जुन्या गोव्याची शिखरे पाहणे हे कुठल्याही क्रूझपेक्षा चांगले. श्री सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान याच बेटावर होते. पुढे देव डिचोली तालुक्यातील नार्व्याला गेला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. इतिहासप्रेमी पाहुण्यांसाठी नार्वे हा वेगळा, पण समाधान देणारा फेरा आहे.

पणजीत गाडी एका जागी ठेवून पायी फिरावे. फोंतेन्हास आणि मळा हे दोन जुने वाडे एकमेकांना लागून आहेत. पिवळ्या-निळ्या भिंती, मातीच्या कौलांची घरे, वर डोंगरावर मारुतीचे देऊळ. ही लोकांची राहती घरे आहेत. दारात बसून, खिडकीच्या गजांना धरून छायाचित्रे काढणाऱ्या पर्यटकांमुळे तेथील रहिवासी त्रासून गेले आहेत, आणि वऱ्हाडी मंडळींनी पैठण्या नेसून त्यात भर घालू नये. जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया यांचा पुतळा आहे. संमोहनविद्येचा हा आद्य अभ्यासक मूळचा गोव्याचा, हे ऐकून पाहुण्यांना नवल वाटते. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारातील निळ्या-पांढऱ्या फरशांवरची चित्रे उभ्या उभ्या पाहून घ्यावीत.

वाचनाची आवड असलेले पाहुणे असतील तर पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात त्यांना अवश्य न्यावे. १८३२ सालापासूनची परंपरा असलेले हे ग्रंथालय ज्या कृष्णदास शामाच्या नावाने आहे त्याने १५२६ मध्ये कृष्णचरित्र रचले, आणि तो केळोशीचा. सकाळी कवळ्याला ज्या देवीचे दर्शन घेतले तिच्याच मूळ गावचा.

जेवण : आधी मंडपातले

गोव्यातील लग्नाचे जेवण हेच पाहुण्यांसाठी सर्वांत मोठे आकर्षण असायला हवे, आणि अलीकडे तेच हातचे निसटत आहे. बुफेच्या टेबलांवर पनीर, मंचुरियन आणि जिलबी-रबडी यांची रांग लागते; सोलकढी कोपऱ्यात एका प्लास्टिकच्या पिंपात असते. हैदराबादहून आलेल्या मामांना मंचुरियन हैदराबादेतही मिळते. निदान एका वेळचे पान तरी शिवराक, गोमंतकीय पद्धतीचे वाढावे, असा आग्रह येथे धरावासा वाटतो.

त्या पानावर काय असते, हे पाहुण्यांसाठी. खतखते म्हणजे कंद, शेंगा आणि भाज्या तुरीच्या डाळीत नारळाच्या वाटणाबरोबर शिजवलेली भाजी; तिला गूळ, कोकमाची सोले आणि तिरफळांचा वास. तिरफळ चावून खायचे नसते; ते बाजूला काढतात, अन्यथा जीभ काही काळ बधिर होते. मुगागाठी म्हणजे मोड आलेल्या, सोललेल्या मुगांची नारळरसातली उसळ. अळसांद्यांचे तोंडाक, आंब्याचे किंवा अननसाचे सासव, बिमलांचे लोणचे, आणि शेवटी मणगणे: हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचे दूध. घाटावरच्या पुरणपोळीची सवय असलेल्यांना हे गोड प्रथम पातळ वाटते. दुसरी वाटी मात्र ते मागून घेतात. या सगळ्यात कांदा-लसूण नसतो, त्यामुळे व्रतस्थ पाहुण्यांची वेगळी सोय पाहावी लागत नाही.

बाहेरचे जेवण

लग्नघरी शिवराक असल्याने मासे खाणाऱ्या पाहुण्यांचे लक्ष दुसऱ्या दिवशीच्या ताटाकडे असते. येथे वार पाहावा. सोमवारी पुष्कळ हिंदू घरांत नुस्ते शिजत नाही आणि अनेक लहान खाणावळीही त्या दिवशी बंद असतात किंवा फक्त शाकाहारी ताट देतात. काही घरे गुरुवारही पाळतात. सोमवारच्या लग्नानंतर मंगळवारी निघणाऱ्या पाहुण्यांना माशांसाठी मंगळवार दुपारच ठेवावी. मे महिन्याच्या अखेरीस लग्न असेल तर १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते हेही लक्षात असू द्यावे. ती ३१ जुलैपर्यंत बंद असते आणि त्या काळात ताजी इसवण दुर्मीळ व महाग होते.

फोंडा बाजारपेठेत आणि हमरस्त्यालगत ‘फिश थाळी’चे फलक लावलेल्या लहान खाणावळी आहेत. चांगली कुठली हे ओळखण्याची साधी रीत अशी की दुपारी साडेबाराला जिथे कार्यालयांतले कारकून आणि बसचालक जेवायला बसलेले दिसतात तिथे शिरावे, आणि अडीचनंतर कुठेच शिरू नये, कारण हुमण संपलेले असते. ताटात उकड्या तांदळाचे शीत, हुमण, तळलेला मासा, तिसऱ्यांचे सुके, किसमूर आणि सोलकढी असे असले म्हणजे पूर्ण झाले. किसमूर ही सुक्या सुंगटांची किंवा गालम्यांची कोशिंबीर. वासाने काही पाहुणे मागे सरतात, त्यांना आग्रह करू नये. माशांत बांगडा स्वस्त आणि चविष्ट. चोणक किंवा मुडदुशी मिळाली तर इतर काही मागवू नये. किंमत दिवसाच्या बाजारावर ठरते, म्हणून मोठा मासा मागवताना भाव आधी विचारण्यात कमीपणा नाही.

पणजीत रिट्झ क्लासिक हे नाव सर्वतोमुखी आहे आणि दुपारी तेथे रांग असते. मोठ्या वऱ्हाडाने जायचे तर लवकर जावे. फोंतेन्हासमधील आनंदाश्रम लहान आहे, सहा-सात जणांपेक्षा अधिक असतील तर गैरसोय होते, पण ताट घरगुती. शाकाहारी न्याहारीसाठी कॅफे भोसले: पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, गोड बन आणि चहा. गोव्यातली ही भाजी-पावाची न्याहारी मुंबईच्या पावभाजीशी नावापुरतीच मिळतीजुळती आहे, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे. पातळ भाजी बहुधा वाटाण्याची किंवा अळसांद्यांची, सुकी बटाट्याची. दोन्ही मिसळून ‘मिक्स’ मागवायची.

फोंड्यातही अशी भाजी-पावाची हॉटेले सकाळी सातपासून उघडी असतात. हॉलवरच्या उपम्याच्या न्याहारीपेक्षा एका सकाळी दहा-बारा जणांनी तेथे जाऊन बसणे अधिक आनंदाचे. पाव हा स्वतंत्र विषय आहे. पहाटे आणि संध्याकाळी सायकलचा भोंपू वाजवीत पोदेर येतो. त्याच्या टोपलीत मऊ पाव, कडक कवचाचे उंडे, कोंड्याची पोळी असे प्रकार असतात. पाहुणे वाड्यावरच्या घरात उतरले असतील तर त्यांना त्या भोंप्याने जागे होऊ द्यावे.

संध्याकाळी गाड्यांवर मिळणारे रस-ऑम्लेट हे तरुणांचे आवडते: ऑम्लेटवर कोंबडीचा मसालेदार रस्सा ओतून पावाबरोबर. नावात रस असला तरी तो शाकाहारी नव्हे, हे सांगायला विसरू नये. तसेच ‘चोरीस पाव’ म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज. अंडे-मांस वर्ज्य असणाऱ्यांनी फळकावर ‘शुद्ध शाकाहारी’ पाहूनच शिरावे.

दोन-तीन कुटुंबे मिळून दुपार काढायची असेल तर कुळागर हा उत्तम पर्याय. कुर्टी येथील सहकारी मसाला बाग, केरी येथील ट्रॉपिकल स्पाइस प्लांटेशन आणि सावई-वेरे येथील बाग या तिन्ही फोंडा तालुक्यात आहेत. सुपारी, मिरी, जायफळ, दालचिनी, व्हॅनिला दाखवीत फिरवतात आणि मग केळीच्या पानावर किंवा पत्रावळीवर जेवण वाढतात. या बागांचे जेवण पर्यटकांच्या जिभेला बेतलेले असते, पण सावली, पाणी आणि सपाट वाट यांमुळे वयस्करांना ते मानवते. केरी हे केसरबाई केरकरांचे जन्मगाव. संगीतप्रेमी पाहुण्यांसाठी तेवढे कारण पुरेसे आहे.

वयस्कर, मुले आणि समुद्र

गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी मंगेशी आणि म्हार्दोळ सोयीचे आहेत. नागेशीच्या तळीच्या पायऱ्या आणि पणजीची मळ्यावरची चढण टाळावी. मुलांसाठी बोंडला अभयारण्यातील प्राणिसंग्रहालय आहे, ते गुरुवारी बंद असते. दुपारी बारा ते चार या वेळात मार्चनंतर कुणालाही बाहेर काढू नये. घामट उकाड्याची सवय नसलेल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना तो कोरड्या उन्हापेक्षा जास्त बाधतो.

समुद्र पाहिल्याशिवाय परत जायचे नाही, असे मुले म्हणणारच. फोंड्याहून सर्वांत सोपे म्हणजे पणजीचे मिरामार. सूर्यास्ताला जावे, पाय भिजवावेत, परतावे. पोहायचेच असेल तर जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, लाल बावट्यापासून दूर, आणि उजेड असेपर्यंतच. लग्नाला आलेल्या घोळक्यातून दोन-चार तरुण रात्री उशिरा पाण्यात उतरतात आणि आनंदाच्या घरावर आघात होतो, अशा बातम्या आमच्या टेबलावर दर हंगामात येतात. यजमानांनी या बाबतीत भीड ठेवू नये, स्पष्ट बजावावे.

लग्न मडगावकडे असेल तर चांदर आणि लोटली येथील जुनी घरे जवळ पडतात. म्हापशाकडे असेल तर शुक्रवारचा आठवड्याचा बाजार चुकवू नये. शिगम्याच्या दिवसांत लग्न असेल तर चित्ररथांच्या मिरवणुका कुठल्या शहरात कोणत्या दिवशी आहेत ते वर्तमानपत्रात पाहावे. पाहण्यासाठी, आणि त्या दिवशी शहरात गाडी न नेण्यासाठीही.

सोबत न्यायला

भेट म्हणून आले-गुळाचे खाजे घ्यावे. जत्रांतून मिळते, आठवडाभर सहज टिकते आणि त्याला भौगोलिक मानांकन आहे. बेबिंका २०२३ पासून त्याच यादीत आहे, पण ती अंड्याची असते, हे सासूबाईंना देण्यापूर्वी विचारात घ्यावे. कोकमाची सोले, तिरफळे, खोल्याची मिरची या कोरड्या वस्तू प्रवासात त्रास देत नाहीत. एप्रिल-मेमध्ये मानकुराद आंबा. पेटी घेताना वरचा थर उचलून खालचा पाहावा. काजू फोंडा-पणजीच्या दुकानांत मिळतात, साल असलेले भाजके काजू अधिक चांगले.

फेणीची बाटली नेणाऱ्यांनी पावती जवळ ठेवावी आणि ज्या राज्यातून जायचे तेथील नियम आधी पाहावेत. वडोदऱ्याच्या पाहुण्यांना ती देऊच नये. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि लग्नाची आठवण म्हणून त्यांच्यासाठी कोकम सरबताची बाटली पुरे.